एकाच टाकीचे

ऐरोलीत, बी विंगच्या जिन्यावर
परीक्षेच्या आदल्या रात्री
मी आधी 'ओळख' हा संबंध घेतला.
तो दुसऱ्याच पायरीवर तुटला.

मग लिहिलं: ज्यांच्या नळाला एकच टाकी.

मी माझ्याच टाकीची, एवढं तर कुणालाही जमतं.
मढवीकाकू माझ्या टाकीच्या, म्हणजे मी त्यांच्या.
दोन वर्षं अबोला आहे,
तरी सममित.
कुट्टीमास्तर काकूंच्या टाकीचे,
म्हणून आमचेही;
पाणी मध्ये कोण आहे ते विचारत नाही.
ए विंग वेगळी. एक थेंबही सामाईक नाही.

पहाटे रखवालदाराने व्हॉल्व्ह फिरवला,
सगळ्या वर्गाच्या पाइपांतून
एकदम हवा खोकली.

काकूंचं दार किलकिललं:
"पानी आयला का गो?"

"आलं," मी म्हटलं.