काना

फेलोशिपचं पत्र आलं तेव्हा
बाबा वाळूत बसून जाळं शिवत होते.
महिन्याला पाच हजार, दहा महिने.
"काम काय?"
"वाचायचं."
त्यांनी दातांनी दोरा तोडला.
"वाचूचे पैशे? चुकान इला नाय मां?"

आम्ही सहा जण होतो, बीएच्या शेवटच्या वर्षाची.
रेहाना होडेकर मनिऑर्डरींच्या जुन्या पावत्या मोजायची,
सुबोध तळवणेकर गडग्यांच्या मागे,
कुठला गडगा कुणाच्या भांडणातून उभा राहिला.
मला मिळाली विजयदुर्ग बंदराची मोडी वही,
शके सतराशे एक्याण्णव,
कडा वाळवीनं खाल्लेल्या,
मधल्या पानात माशाचा एक खवला, चिकटून बसलेला.

शनिवारी परुळेकर बाई शिकवायच्या
तळटीप कशी द्यायची,
"असावे" कुठे लिहायचं आणि कुठे अजिबात नाही.
पुढे पीएचडी करायची असेल, त्या म्हणायच्या,
तर आत्ताच सवय लावा
एका ओळीपाशी महिनाभर बसायची.

मी बसले.
पान सदतीस, ओळ नववी.
दमण सुटोन गलबत आडवे जाहले. असामी ७. आले २.

त्या ओळीवर तिसरं प्रकरण उभं केलं.
दमणचा व्यापार, मीठ, ताडपत्री, सुकं.
नकाशा काढला, त्यावर बाणांची वाट.
चौदा तळटीपा.
गलबत दमणहून निघालं, इथे धक्क्याला आडवं लागलं,
सातांपैकी दोघेच इथवर आले.
बाकीचे पाच, मी लिहिलं,
वाटेत उतरले असावेत.

फेब्रुवारी. विद्यावेतन तीन महिने थकलेलं.
ओटीवर मोठ्यानं वाचत होते, चुका सापडाव्यात म्हणून.
बाबा इंजिनाचा प्लग पुसत होते.
"परत वाच."
वाचलं.
"दमण नाय गो. दामण.
शिडाची दोरी.
ती सुटली काय वारो होडयेक आडवी करता.
माझ्या आज्याचो शब्द. आता शीड खय ऱ्हवला?"

मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणला.
द आणि म यांच्या मधोमध
वाळवीचं एक भोक,
बारीक, उभं,
कान्याएवढं.

नकाशा खोडला.
चौदा तळटीपा खोडल्या.
"वाटेत उतरले" हे मात्र
कितीतरी वेळ खोडवेना.
शेजारी बाबा प्लग फडक्यात गुंडाळत होते,
जणू काही बोललेच नाहीत.

बाईंना फोन केला. वाटलं, ओरडतील.
"प्रकरण टाकू नकोस," म्हणाल्या,
"कशी चुकलीस ते लिही, आणि कुणी दुरुस्त केलं तेही."
"पण ते पुस्तक नाहीत, बाई."
"मग काय झालं? आडनाव आधी, मग नाव,
मग गाव, मग तारीख."

टीप पंधरावी:
कुबल, दाजी. तोंडी माहिती. तांबळडेग, ता. देवगड.
बाबांनी अंगठा फिरवत वाचली,
एकेका अक्षरावर थांबत.
"माझो काना खाल्लंस नाय मां?"

आता जूनमधल्या अर्जाची चौकट समोर आहे.
संशोधनाचा प्रश्न, शंभर शब्दांत.
रेहानाचा भरून झाला, तिनं दोनदा फोन करून विचारलं.
माझ्याकडे पाच जागा आहेत नावांच्या,
आणि अडतिसावं पान, जे अजून लागत नाही:
शाई ओघळलेली, एका कोपऱ्यात
कुणाच्या तरी बायकोला दिलेले सव्वा दोन रुपये.

रात्री दहाला बाबा दारात येऊन उभे,
उद्या पहाटे होडी घालायची तरीही जागे.
"ह्या सातांत तांडेल कोण होतो?
ता तरी लिवला हा?"