रकाना क्रमांक सतरा

चुंचाळे, दुपारचे साडेतीन.
लंका पगारे, वय एकेचाळीस, मुतखडा दोनदा.
मी विचारते, दिवसातून किती पाणी पिता?
"दोन पेले. सुट्टीच्या दिवशी तीन."

कारण? पर्याय छापील आहेत :
माहिती नाही, सवय नाही, तहान लागत नाही.

ती हसते. पदराला रबराचा वास.
"कंपनीत संडासची किल्ली सुपरवायझरकडे.
मागायची म्हंजे त्याच्या टेबलापर्यंत चालत जायचं,
सगळ्या लाइनीनं बघायचं.
मंग सकाळीच घशाला सांगून ठेवते, गप राहा."

पुण्याच्या सरांना एक आकडा हवाय
आणि त्याच्यासमोर एक कारण.
समीकरणात ते बसेलही,
चूक किती संभवते ते खाली बारीक अक्षरात.

किल्ली कुठे लिहू?
'इतर'समोर बोटभर जागा.

तिची दुसरी पाळी, आधीच उशीर झालेला, तरी
माठातला तांब्या पुढे करते.
गंगापूर धरणाचं पाणी, गार.

मी आठपासून फिरतेय. अकरा घरं झाली.
"नको," म्हणते, "तहान नाही."

लंका बघत राहते माझ्याकडे.
"मंग लिहा ना," म्हणते,
"तुमचं बी."