ओळंबा

दुकानदार म्हणाला, अगदी सोपं असतं.
सोपं म्हणणारी माणसं नेहमी काउंटरच्या पलीकडे असतात.

नऊ गुंडाळ्या. फिकट पिवळ्यावर करडे बगळे,
दर चौसष्ट सेंटिमीटरला तोच बगळा पुन्हा,
मान वळवून, आपल्याला पाहिलंच नाही असं दाखवत.

मी ट्राम चालवते. लीपायात मार्ग एकच,
रूळ वळतील तिथं वळायचं. सत्तावीस वर्षं.
सरळ रेषा कुठून काढायची
हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आधी जुना कागद सोलला.
स्पंजानं भिजवायचं, थांबायचं, पातं घालायचं.
गातिसच्या शाळेच्या दिवसांतल्या मोटारी,
त्याखाली तपकिरी पट्टे,
त्याखाली कुणाचे तरी गुलाब,
त्याखाली वर्तमानपत्रं,
ज्या भाषेत आम्ही रांगेत उभं राहून कविता म्हणायचो.
बिटाचं विक्रमी उत्पादन. एका वेल्डरला पदक.
उद्या वारा.
वारा तेवढा खरा निघाला असेल.

आणि अगदी तळाशी, लाकडावर,
शिसपेन्सिलीनं फोनचा नंबर.
पाच आकडे. नाव नाही.
शेवटचा सात तिरका, दारात कुणी ताटकळत असल्यासारखा.

भिंतीलाही कान असतात, आई म्हणायची,
आणि आधी नळ सोडायची, मग बोलायची.
मी बोटांनी चाचपलं: खिळा, गाठ, थंड भेग.
कान काही सापडला नाही.
केवढं पाणी वाया गेलं.

खालची स्कायद्रीते काठी टेकत वर आली,
हातात दोरा, दोऱ्याला गळाचं शिसं.
खिडकीवर विश्वास ठेवू नकोस, म्हणाली,
छतावर तर मुळीच नको.
दोरा सोडला. शिसं डोललं, डोललं,
थांबलं.
घर समुद्राकडे कललंय.
चांगलं तीन बोटं.
आणि मी इथंच इतकी वर्षं भरलेला कप घेऊन
इकडून तिकडे चालत होते.

मग कागद कुणाच्या बाजूनं लावू, घराच्या की दोऱ्याच्या?
दोऱ्याच्या. घर कुरकुर करत नाही.

खळ घोटली. गुठळ्या झाल्या. परत घोटली.
पहिला पट्टा न्हालेल्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेऊन
शिडी चढले, चिकटवला, ब्रश फिरवला.
खाली उतरून पाहावं म्हणून उतरले,
तर तो सावकाश, अदबीनं,
माझ्या डोक्यावर आला.
स्कायद्रीते हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली.
दुसरा राहिला. तिसरा राहिला.
पाचव्यावर बगळे उलटे, पाय आभाळात.
तिनं तासभर अवाक्षर काढलं नाही.
मला वाटलं, तुला तसेच हवे असतील.

गातिसला फोटो पाठवला, लिमरिकला.
उत्तर आलं: मस्त. ही कुठली खोली?
मी लिहिलं. पुसलं.
लिहिलं: शिवणाची.

शेवटचा कोपरा दाराआड येतो.
तिथं बगळ्याची चोच त्याच्याच पाठीत घुसते.
कुठंतरी हे होणारच, ती म्हणाली,
चार भिंती फिरून आल्यावर
पहिल्या पट्ट्याशी कुणाचं जुळलंय?
आणि दार सताड उघडून
तिनं ते झाकलं.

आता ती खाली गेलीय. केसांत खळ वाळून कडक झालीय.
पाच वाजता पहिली ट्राम काढायची आहे
आणि मी जमिनीवर बसून ऐकतेय
कागद ओढ घेताना होणारा बारीक आवाज,
पलीकडून कुणी नखानं काही खरवडत असल्यासारखा.

नंबर पाठ झालाय.
लावून पाहिला असता,
पण आता इथं आठ आकडे लागतात.