कूलर बंद करून

आधी कूलर बंद करावा लागतो.
ओलसर हवेत तंतू एकमेकांना बिलगून बसतात,
एकही उभा राहत नाही.
म्हणून मे महिन्यातली दुपार, पारा पंचेचाळीस,
दाराला आतून कडी,
आणि कडीपलीकडून नलू :
"माणसापेक्षा गवताचे लाड जास्त झाले हो या घरात."

घाम कोपरावरून टपकतो.
तो ताटात पडू द्यायचा नाही.

ताट स्टीलचं, पालथं. त्यावर बटर पेपर.
पेपरवर फेविकॉलचे ठिपके,
संक्रांतीच्या हलव्याएवढे.
एखादा नीट गोल आलाच
तर मी तो काडीने बिघडवतो.
गोल उगवलेलं गवत कोणी पाहिलंय?

डास मारायची रॅकेट, जाळी उचकटलेली.
जाळीच्या जागी चहाची गाळणी.
एक वायर गाळणीला,
दुसरी चिमट्याने ताटाच्या काठाला.
गाळणीत नायलॉनचे तंतू, चार मिलिमीटर :
एक चमचा हिरवे, तीन चमचे वाळके.
नागपूरचा उन्हाळा आहे, हिरव्याचा हात आखडताच बरा.

बटण दाबलं. गाळणी हलवली.
चट् चट्
आणि अंगावर काटा यावा तसं
ठिपक्याठिपक्यावर गवत एकदम उभं.

दर वेळी मला हसू फुटतं.
एकोणसत्तर वर्षांचा आहे मी.

शनिवारी सुखराम उईके आला.
नॅरोगेजवर कीमॅन होता, उमरेडच्या लाइनीवर,
एकतीस वर्षं.
पलंगाएवढं माझं स्टेशन त्यानं उभ्यानंच पाहिलं,
कागदावरून सोडवलेला एक पुंजका
तळहातावर घेतला, फुंकर मारली.
"जिंदगीभर मी हेच उपटलं ना भाऊ,
अन् तू पेरून राह्यला."

मग माझाच चष्मा मागून घेतला.
"इथं कायले लावलं? इथं इंजिनाची राख पडे,
काहीच येत नव्हतं.
तिकडं लाव, नळाच्या बुडाशी.
अन् एवढं दाट?
आम्ही काय झोपलो होतो का?"

तो बोट दाखवत गेला, मी चिमट्याने उपटत गेलो.
तीन दुपारींचं काम डबीत परत.
अर्धं स्टेशन उजाड झालं
आणि पहिल्यांदाच स्टेशन वाटलं.

चहा झाला. चपला घालून झाल्या.
दारातून तो मागे फिरला,
डबीतला सगळ्यात बारका पुंजका निवडला,
खाली फेविकॉलचा थेंब लावून
दोन रुळांच्या मधोमध, सिग्नलच्या अलीकडे,
अंगठ्याने दाबून बसवला.
"हा असू दे. याले मी राहू देत होतो."
"काऊन?"
"काऊन म्हणजे?
राहू देत होतो."

तो गेल्यावर नलूने कूलर लावला.
आता त्या थेंबाला वाळायला रात्र लागणार.
मी पाटीवर खडूने लिहिलं :
सकाळपर्यंत ब्लॉक,
गाडी सुटणार नाही.