छातीचा तुकडा

"बोनलेस म्हणजे छातीचंच ना, पप्पा?"
तेजल विचारते, दुकानाच्या पायरीखाली उभी.
मी सुरी ठोकळ्यावर ठेवतो.
अंबडच्या या गल्लीत छाती कुणी मागत नाही,
कोरडी लागते म्हणतात. तंगडी मागतात, कलेजी मागतात.
छाती उरते, तीच आमच्या घरी जाते
आणि गया तिचे एवढे एवढे तुकडे करून
येसरात बुडवते, कोरडेपणा कळू नये म्हणून.

आज येसर नाही म्हणे.
आज वरून दाण्याचा कूट आणि खाली मोसंबीचा सॉस.
हॉटेलच्या कोर्सात शिकवलंय. तिथं बदाम होते.
"बदाम कुठून आणू?" गया म्हणाली,
"डब्यात शेंगदाणे हायेत. भुईमुगानं काय घोडं मारलंय?"

मोसंबी उद्धवरावाची. गळ झालेली,
झाडाखालून वेचलेली, एका अंगानं पिवळी, दुसऱ्या अंगानं मऊ.
तो पैसे घेत नाही, कुत्र्यासाठी कोंबड्यांच्या माना नेतो.

दाणे भाजले. फोलपटं अंगणात पाखडली,
ती वाऱ्यानं परत घरात आली.
मिक्सर लावायला आणि लाईट जायला एकच गाठ.
मग खलबत्ता. तेजलचा हात आधी जोरात, मग दमून,
म्हणून कूट असा झाला: थोडं पीठ, थोडी भरड,
काही दाणे तर अख्खेच, आमच्याकडे बघत.

पहिला तुकडा कढईत गेला
आणि त्याचं सगळं पांघरूण तेलात सुटलं.
तळाशी दाणे करपू लागले, वर मांस उघडं.
"हे काय करू राह्यली तू?" गया.
ती वही बघते. वहीत मैदा आहे, अंडं आहे,
सगळं तर केलंय.

मी बोलणार नव्हतो.
स्वैपाकघरात मी पाहुण्यासारखा बसतो, पाठ भिंतीला लावून.
पण मांस मला कळतं.
"ओलं हाय ते," म्हणालो. "धुतलंस, पुसलं नाहीस.
ओल्या अंगाला काहीच धरत नाही."
दोरीवरचा धुतलेला पंचा काढून दिला.
घेताना तिनं तो नाकाशी नेला का?
नसेल. मलाच वाटलं असेल.

आठवीत होती तेव्हा म्हणाली होती,
गॅदरिंगला तुम्ही नका येऊ, मम्मीच येऊ द्या.
मी कारण विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
त्या रात्री लिंबाच्या फोडीनं कोपरापर्यंत हात घासले होते,
फोड पांढरी होईस्तोवर.

तुकडे पुसले. वरवंट्यानं ठोकून दाखवले,
हलक्या हातानं, मधून कडेकडे.
आता कूट बसला.

सॉस मात्र कडू झाला.
मोसंबीचा रस काढून ठेवला की कडवटतो
हे अंबडातल्या शेंबड्या पोराला ठाऊक, वहीला नाही.
गयानं मोरीत ओतला. तिघांनी पुन्हा पिळली,
लगेच गॅसवर, गूळ, तिखट,
पळीच्या पाठीला चिकटेस्तोवर.

लाईट आली तेव्हा ताटं वाढून झाली होती.
गया म्हणाली, गोड कालवण कुणी खातं का,
आणि दुसऱ्यांदा घेतलं, भाकरीला लावून.
मी चावलो. आधी कुरकुर, मग छाती,
माझ्याच सुरीची, सकाळी कापलेली,
आणि आतून रसाळ.
वीस वर्षं गिऱ्हाइकांना खोटं सांगत होतो की काय,
तंगडीच न्या, साहेब.

"कसं झालंय?"
"मीठ कमी हाय."
तिनं वाटी पुढं सरकवली. हसली का, ते नीट दिसलं नाही.

हात धुवायला मोरीत गेलो.
साबण उचलला, परत ठेवला.
बोटांना सालीचं तेल लागलं होतं.
नुसत्या पाण्यानं धुतले.
शटर सकाळी सहाला उघडायचंय,
तोवर राहील.