तक्ता सतरा

समडोळीत, मगदूमांच्या खळ्यावर
मांडीवर तक्ता सतरा: हळद, शिजवणी ते पॉलिश.
पहिला रकाना बैलजोडीचे तास.
आठ वर्षं मी तिथे आडवी रेघ ओढते आहे.
जोडी कधीच विकली
हे छापखान्याला अजून कुणी कळवलेलं नाही.
गोठ्यात ठिबकच्या नळ्या वेटोळी करून पडल्यात.

भूपालअण्णांना आकडे तोंडपाठ:
बेणं, शेणखत, गादीवाफे, ट्रॅक्टर साडेचार तास,
काढणीला अकरा बायका, दोन दिवस.
मध्येच थांबून, "डिझेल धरलं न्हवं?"
धरलं.

मग बॉयलर. भाड्याचा, क्विंटलवर दर.
आधी काहील होती,
चार माणसं, रात्रभर पाचटाचा जाळ,
सकाळी सगळ्यांचे डोळे लाल.
आता चाळीस मिनिटांत वाफ शिट्टी मारते.

पुण्यात साहेबांकडे एक सूत्र आहे.
वाढलेल्या उत्पन्नातून मजुरी, खत, पाणी, यंत्र
एकेक करून वजा करत जायचं.
शेवटी जे कशातच बसत नाही, उरतं,
त्याला अहवालात तांत्रिक बदल म्हणतात.

शिट्टी झाली. चंपाअक्का ड्रम रिकामा करू देईनात.
झाकण सारून एक गड्डा काढला, फुंकला,
खराट्याची काडी टोचली.
"अजून पाच मिन्टं."
बॉयलरवाल्या पोरानं मोबाइलवरची वेळ दाखवली.
"त्यानं कवा हळद खाल्लीया?"
पाच मिनिटं. पुन्हा काडी.
या खेपेला आरपार.

मी लिहिते: घरची स्त्री, पाव तास.
काडीला घसारा लावावा का,
सूचनापुस्तिकेत काही नाही.

अक्का माझ्या खांद्यावरून कागदात बघतात.
"माझं किती लावलं?"
सांगितलं. गावात बायकांचा चालू दर.
"आन् ह्यांचं?"
तेही सांगितलं.
अण्णा उठून पोती मोजायला गेले.
अक्का हसल्या, जरा वेळानं म्हणाल्या,
"तुमचं कुठं लिवत्यात?"
माझं, म्हणजे सांगलीहून एसटी, सबंध दुपार,
डबा तसाच परत.
वरपासून खालपर्यंत पाहिलं.
सतरामध्ये नव्हतं. अठरामध्येही नसावं.

निघताना त्यांनी पिशवीत शिजलेला गड्डा टाकला,
वर्तमानपत्रात गुंडाळून, अजून गरम.

घरी फॉर्म काढला तर
बैलांच्या रकान्यात, माझ्या रेघेवर,
अंगठ्याएवढा पिवळा डाग.
पुसायला गेले, पसरला.
सोमवारी संगणकात भरताना
तिथे शून्य टाकलं.