काळ्याची प्रत

झाब्झेच्या आमच्या दुकानात
एवाल्ड श्चेपानेक आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
बाहेर बर्फाचा चिखल, आणि आत भिंतीवर
एकोणीस टीव्ही एकच पोपट उडवत होते.

एकाचा हिरवा कोवळ्या मटाराचा, एकाचा बाटलीच्या काचेचा,
एक तर इतका हिरवा की पोपटालाच पटला नसता.

मी सवयीनं सुरू झालो: इंच, हर्ट्झ, बिनव्याजी हप्ते.
त्यांनी हात वर केला.
"रंग ही बघेल," बायकोकडे मान वळवत म्हणाले,
"मला फक्त काळा दाखव.
कोळशाला प्रत असते, तशी काळ्यालाही."

बत्तीस वर्षं खाणीत, सातशे मीटर खाली.
हे त्यांनी नाही, त्रुडाबाईंनी सांगितलं,
पिशवीत चष्मा शोधता शोधता,
एखाद्याचं पथ्य सांगावं तसं.

मी एलसीडीसमोर नेलं. रात्रीचं दृश्य लावलं:
समुद्र, बोट, एक कंदील.
ते वाकले. "हा काळा नाही, ही राख आहे.
मागे कुणीतरी दिवा लावून ठेवलाय."
हो, म्हटलं, तसंच असतं यात,
मागे दिवे, पुढे झडपा,
झडप कितीही घट्ट लावा, फटीतून उजेड पाझरतोच.
"आमचा मुकादम असाच. डोळे मिटूनही बघायचा."

घरी जुना प्लाझ्मा होता, निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला.
गुणगुणायचा, तापायचा,
मांजर हिवाळाभर त्याच्या पाठीशी झोपायचं.
गेल्या मंगळवारी तो विझला.
मांजर आधीच गेलं होतं.

मग ओलेड. त्या कोपऱ्यातले दिवे मी मालवले.
इथे प्रत्येक ठिपका आपला दिवा आपण वाहतो,
आणि काळा हवा असला की
विझतो. एवढंच.

समुद्र नाहीसा झाला. टीव्हीची कड नाहीशी झाली.
कंदील तेवढा हवेत.
श्चेपानेक बराच वेळ गप्प.
"प्रत्येकाच्या कपाळावर एक," मग म्हणाले,
"जेवणाच्या सुट्टीत सगळे विझवायचो. गंमत म्हणून.
असाच.
आपला हात आहे की नाही, चाचपून बघावं लागायचं."

खोटं बोलून विकायचं नाही, हा आमच्या मालकाचा नियम.
म्हणून सांगितलं: एकच चित्र तासन् तास राहिलं
तर डाग उरतो, वाहिनीचं चिन्ह, सामन्याचे आकडे.
पुसला जात नाही.
त्यांनी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत निळे ठिपके,
जखमा भरताना कातडीखाली राहून गेलेला कोळसा.
"हा सत्त्याऐंशी सालचा. काही अडलं नाही."

मला वाटलं, विकला.

पण त्रुडाबाई भिंतीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या,
मोतीबिंदू काढून सहा आठवडे झालेले,
आणि त्या राखट काळ्याच्या, झगझगीत एलसीडीवर
स्कीवरचा एक पोरगा उतारावरून सुटत होता,
हात अंगाला चिकटवून, हवेत आडवा,
खाली नुसता बर्फ.
"एवाल्ड, बर्फ कडेला निळसर असतो.
तुला माहीत होतं?"

त्यांच्या बैठकीची खिडकी दक्षिणेला. पडदा त्या ओढू देत नाहीत,
जिरेनियमला ऊन लागतं.
उड्यांच्या स्पर्धा भर दुपारी.
ओलेडच्या काचेत त्या वेळी दिसणार काय?
खिडकी, कुंड्या, आणि म्हातारा-म्हातारी.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बर्फाकडे नाही.
"पांढरा चांगला आहे," म्हणाले,
आणि पाकीट काढलं.

याला आता तीन महिने झाले.
दर गुरुवारी, बाजार आटोपून, श्चेपानेक येतात.
दोन पेन्सिल सेल घेतात.
इतके रिमोट त्यांच्या घरात नसणार.
मी विचारत नाही.
कोपऱ्यातले दिवे मालवतो,
समुद्र लावतो,
आणि काउंटरवर जाऊन पावत्या मोजत बसतो.